कंट्रोलर नानांची घंटी

पुढाऱ्याचं भाषण मधेच तोडून त्याला खाली बसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यासाठी त्यांनी ना आवाज चढवला, ना हात. रंगमंचाच्या उजव्या विंगेत लटकणारी एक मळकी दोरी त्यांनी एकदा ओढली. टण्ण. कंडक्टर गाडी थांबवायला देतो तशी एक घंटी. साहेब तेव्हा "या आदिवासी पट्ट्याच्या सर्वांगीण" इथपर्यंत आले होते. ते सर्वांगीण तिथेच राहिलं. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी जन्मभर एस.टी.ने प्रवास केलेला. घंटी वाजल्याबरोबर ते सवयीने उठले आणि पायाशी ठेवलेल्या पिशव्या शोधायला लागले.

तो आमच्या संकुलाच्या उद्घाटनाचा दिवस होता. मी डहाणूचा माईकवाला, त्याच विंगेत मिक्सरपाशी बसलो होतो. दोरी ओढणाऱ्या त्या ताठ, किडकिडीत गृहस्थांना मी विचारलं, "हे काय होतं?"

"सिंगल," ते म्हणाले. "यांची वेळ संपली. पुढची गाडी लागायची आहे."

पुढची गाडी म्हणजे झरीच्या मुलींचं लेझीम. मुली मघापासून मागे उभ्या राहून घामाने निथळत होत्या. साहेब खुर्चीत बसले, बसल्यावर त्यांना कळलं की आपण बसलो आहोत, आणि तोवर नानांनी दोरी दोनदा ओढली होती. टण्ण टण्ण. डबल. लेझीम सुरू. त्या साहेबांचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं तर त्यांना बरं वाटेल.

नानांचं नाव जगन्नाथ, पण डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत त्यांना कुणी त्या नावाने हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. ते 'कंट्रोलर नाना'. घर बोर्डीकडे, चिकूच्या वाडीवाल्यांचं. वाडी धाकट्या भावाने सांभाळली आणि हे एस.टी.त गेले. डहाणूच्या स्टँडवर काचेच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारत यांची सारी नोकरी झाली. नाकातून येणारा, जरासा रडका आवाज, पण कितीही गोंगाट असो, आरपार जायचा. माझी मशीन लागली नाही तरी नाना शेवटच्या बाकापर्यंत पोचायचे. म्हणून धंद्याच्या दृष्टीने ते मला पहिल्या दिवसापासून धोक्याचे वाटले.

संकुलाबद्दलही सांगायला हवं. आमचा जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याला शोभेल असं काहीतरी भव्य पाहिजे म्हणून तलासरीच्या बाहेर, हायवेपासून आत एका माळावर ते बांधलं. पाटीवर 'विभागीय बहुउद्देशीय क्रीडा, सांस्कृतिक व परिषद संकुल' असं लिहिलं आहे. ते एका दमात वाचणारा माणूस अजून जन्मायचा आहे. लोक त्याला 'टोपलं' म्हणतात, कारण लांबून ते पालथ्या टोपल्यासारखंच दिसतं. आत मधोमध लाकडी फरशीचं मैदान, तीन बाजूंना चढत्या पायऱ्यांचे बाक, चौथ्या बाजूला रंगमंच. आराखडा काढणारा कुणी लांबचा मोठा माणूस होता. त्याने इथला वैशाख पाहिलेला नसावा. थंड हवेच्या यंत्रासाठी त्याने ऐसपैस जागा सोडली, यंत्र काही आलं नाही, त्या जागेत पारवे राहायला आले. मोटारी उभ्या करायला शेतभर सिमेंट ओतलं, आणि माणसं यायची कासा-उधव्याकडून शेअर जीपमध्ये, एकमेकांच्या मांडीवर बसून. घुमटात शब्द असा घुमायचा की भाषण करणाऱ्याला वाटायचं लोक दाद देताहेत.

अशा टोपल्याला व्यवस्थापक हवा होता. समितीत दोन गट. याचा माणूस त्याला नको, त्याचा याला नको. निवृत्त होऊन घरी बसलेले नाना कुणाचेच नव्हते, म्हणून दोघांनाही चालले. बिनविषारी म्हातारा आहे, दारं उघडेल, दारं लावेल, असा दोघांचाही हिशेब. तो चुकला होता हे उद्घाटनाच्या दिवशीच कळलं, पण तोवर नेमणूक होऊन गेली होती.

घंटी भंगारात निघालेल्या गाडीची. निवृत्तीच्या दिवशी स्टँडवरच्या मंडळींनी दिलेली. "बाकीच्यांना घड्याळ देतात," नाना सांगायचे, "मला म्हणाले, नाना, घड्याळ तर तुमच्या पोटातच आहे, तुम्ही ही घ्या." ती त्यांनी स्वतः विंगेत खिळा मारून लावली आणि कुठल्याही व्यवस्थापकाने टोपल्याचं केलं नसतं ते केलं. त्यांनी त्याचं स्टँड केलं.

दारात काळा फळा आला. त्यावर खडूने दिवसाच्या 'गाड्या' लिहिलेल्या. लग्न असलं की 'प्रासंगिक करार'. शाळेचं स्नेहसंमेलन म्हणजे 'सर्व थांबे'. पुढाऱ्याची सभा 'जलद', आणि मला खासगीत सांगायचे, "जलद नुसती पाटीवर. थांबायचं नाव घेत नाही ती." वऱ्हाड उशिरा आलं की टोपल्याच्या चारी भोंग्यांतून नानांचा नाकातला आवाज यायचा, "लक्ष द्या. उधव्याहून येणारं वऱ्हाड अद्याप लागलेलं नाही. वधूपक्षाने घाबरून जाऊ नये. पहिली पंगत सुटत आहे." आणि पंगत खरंच सुटायची. एकदा नवरदेव पोचला तेव्हा जिलेबी संपली होती. नवरदेवाचे काका भांडायला आले तर नाना म्हणाले, "माणूस उशिरा आला तर माझं काही म्हणणं नाही. गाडी उशिरा सुटायची नाही."

"अहो, पण नवराच नव्हता."

"तुमच्यासाठी नवरा. माझ्यासाठी राखीव सीटवरचा प्रवासी."

मुख्य पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून तर आमच्याकडे महायुद्धं व्हायची. एका बक्षीस समारंभात दोन पाहुणे मधल्या खुर्चीसाठी हटून बसले. म्हणजे बसले नाहीत, तोच घोळ होता. दोघेही तिच्या दोन हातांना धरून उभे. संयोजक रडकुंडीला आले. नाना शांतपणे माईकपाशी गेले. "मधली सीट महिलांसाठी राखीव आहे, कृपया सहकार्य करावं," असं म्हणून त्यांनी पायऱ्यांवर बसलेल्या एका शाळेच्या मोठ्या बाईंना वर बोलावलं आणि त्या खुर्चीत बसवलं. बाई बिचाऱ्या नुसत्या मुलांना घेऊन आल्या होत्या, सगळी बक्षिसं त्यांनाच वाटावी लागली. "जागा सगळ्यांना मिळेल," नाना त्या दोघांना म्हणाले, "खिडकी मिळेलच असं नाही."

मला ते 'आवाजवाले' म्हणायचे. माझा भोंगा जरा कर्कश झाला की, "आवाजवाले, माणसं बहिरी नाहीत, कंटाळलेली आहेत." माझ्या धंद्याबद्दल माझ्या वडलांचंही मत वाईटच होतं, पण ते इतक्या नेमक्या शब्दांत कधी बोलले नाहीत.

नानांचा हा सगळा रुबाब संकुलाच्या फाटकापर्यंत. एकदा दुपारी त्यांनी मला बोर्डीला चहाला नेलं. सुमनकाकू ओट्यावर चिकूच्या फोडी वाळत घालत होत्या. मी बोलायचं म्हणून बोललो, की नाना वेळेच्या बाबतीत फार पक्के. काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "पक्के ना? जन्मभर लोकांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. स्वतःच्या लग्नाला हे उशिरा आले. मुहूर्त गेला, भटजी जांभया देत बसले, माझा बाप दारात येरझारा घालतोय. म्हणे टायर पंक्चर."

"तांत्रिक कारण होतं," नाना चहाच्या कपात बघत म्हणाले.

"मी थांबले म्हणून. डबल दिली असती तर बसले असते तसेच."

नानांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. घरची गाडी कुणाच्या ताब्यात आहे ते मला कळलं.

आता लखमाकडे येतो, कारण नाना मला खऱ्या अर्थाने कळले ते त्याच्या लग्नात. लखमा संकुलाचा रखवालदार. टोपलं बांधायला म्हणून नवरा-बायको आले, विटा वाहिल्या, आणि बांधून झाल्यावर मागच्या खोलीत राहिले. लखमाची सोनकी झाडझूड करायची. त्यांची एकुलती एक मुलगी चंद्री कॉलेजला जायची आणि उरलेला वेळ पायऱ्यांवर बसून लोकांची लग्नं बघायची. दोन तालुक्यांतल्या झाडून सगळ्या नवऱ्या तिने पाहिल्या होत्या आणि कुणाचा शालू कसा होता ते तिला विचारावं. तिचं झरीच्या मुलाशी ठरलं तेव्हा तिने एकच हट्ट धरला. आईने ज्यावरून दुसऱ्यांची लग्नं झाडून काढली त्या रंगमंचावर आपलं लग्न झालं पाहिजे.

एक अडचण होती. लखमा आणि सोनकी इतकी वर्षं एकत्र नांदत होती, पण त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यांच्या वारली समाजात यात लाजण्यासारखं काही नाही. संसार आधी सुरू होतो, विधी जमेल तेव्हा. पण आई-बापाचं लग्न लागल्याशिवाय मुलीचं लागत नाही, एवढं मात्र पक्कं. त्यामुळे कैकदा एकाच मांडवात आधी आई-बाप उभे राहतात, मग मुलं. लखमा हे नानांना सांगायला आला, एका पायाने दुसरा पाय खाजवत.

"पोरगी आयकत नाय नाना. म्हणते, हितंच करायचा. मंग आमचा पन हितंच करायला लागल. आधी आमचा, मंग तिचा."

मी तोंडावर हात धरून हसत होतो. नाना हसले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले. "म्हणजे कनेक्शन आहे. तुमची गाडी लागल्याशिवाय पोरीची सुटत नाही."

"तसाच," लखमाला हायसं वाटलं.

नानांनी फळ्यावर लिहिलं: सकाळी लखमा-सोनकी, दुपारी चंद्री, संध्याकाळी साहेबांची सभा. हेच ते साहेब, सर्वांगीणवाले. सोनकी फळा पुसायचा फडका हातात घेऊन उभी होती. तिने विचारलं, "नाना, धवलेरीला किती येळ धरलाय?" धवलेरी म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणून देवांना बोलावते, आणि तिचं गाणं हाच लग्नाचा विधी.

"पाऊण तास पुष्कळ झाला," नाना म्हणाले. "आमचे भटजी तेवढ्यात दोन लावतात."

सोनकीने पदर तोंडात धरला आणि निघून गेली. नानांना वाटलं लाजली. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघेही किनाऱ्यावरची माणसं, डोंगराकडची लग्नं आम्हाला पंगतीपुरती ठाऊक.

धवलेरी होती जिवलीबाय. उधव्याच्याही आतल्या पाड्यावरून जीपने आली. काठी, कपाळभर सुरकुत्या, तोंडात एक दात आणि तोही रागावलेला. आधी तिने चहा मागितला, मग दुसरा. मग खोलीच्या भिंतीवर बायकांनी तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक पाहून आली आणि एका रेघेवरून दोघींना झापलं. रंगमंचावर बसल्यावर मी तिच्यापुढे माईक धरला. तिने तो माशी हाकलावी तसा बाजूला केला. "देवाला आयकू येता," ती म्हणाली. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात माईक नाकारणारी ती एकटीच.

मग तिने गायला सुरुवात केली. चाल संथ, एकाच वाटेने चालल्यासारखी. डोंगरातले देव, नदीतले देव, भाताचे, पावसाचे, एकेकाला नाव घेऊन बोलावणं. सोनकी आणि लखमा बाशिंगं बांधून समोर, दोघेही पन्नाशीला टेकलेले आणि नव्या नवरा-नवरीसारखे अवघडलेले. पाऊण तास होऊन गेला. देव अजून अर्धेही आले नव्हते. नानांनी मनगटावर बघितलं. मग फळ्याकडे जाऊन आले. मग पुन्हा मनगटावर. शेवटी स्वभाव गेला नाही. त्यांनी दोरी ओढली.

टण्ण.

जिवलीबाय थांबली. अख्खं टोपलं थांबलं. तिने मान वळवून विंगेत पाहिलं.

"कोनी मारली?"

"मी," नाना म्हणाले. "म्हणजे, वेळ जरा..."

"मोडला," ती म्हणाली. "आता पयल्यापासून."

आणि तिने पहिल्या देवापासून पुन्हा सुरुवात केली. सोनकीला इतकं हसू आलं की तिचं बाशिंग नाकावर उतरलं. लखमा खाली बघत हसू दाबत होता. नानांचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. दोरीला हात लावून गाडी मागे नेणारे ते पहिलेच कंट्रोलर असतील.

गंमत तिथे संपली. दुपार चढली, पत्रा तापला, पारवेसुद्धा गप्प झाले. झरीहून आलेल्या नवऱ्या मुलाचे मामा विंगेत येऊन कुरकुरायला लागले. जीपवाले थांबायला तयार नाहीत, आई-बापाचं उरकत नसेल तर आम्ही जातो, बघू पुढच्या साली. पुढच्या साली म्हणजे मोडलंच, हे सगळ्यांना कळत होतं. पिवळी साडी नेसून मेकअपच्या खोलीत बसलेली चंद्री दारात आली. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं.

"नाना, आईचं नाही झालं तर माझं काय होणार?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. "कनेक्शन मी सोडत नाही," ते म्हणाले. "तू आत बस. तोंड धू." मग मामांना म्हणाले, "तुमच्या जीपवाल्यांना माझ्याकडे पाठवा." जीपवाले सगळे जुने स्टँडवरचे. एकेकाळी ते एस.टी.चे प्रवासी पळवायचे तेव्हा नानांनी त्यांना हातात छडी घेऊन हाकललेलं. ते मुकाट्याने थांबले.

एवढ्यात साहेब आले. वेळेआधी. जन्मात पहिल्यांदा वेळेआधी आले ते त्या दिवशी. मागे गाड्यांची रांग, झेंडे, ढोल. त्यांचा सहायक ताडताड विंगेत शिरला. गॉगल लावलेला, अंगाला अत्तराचा वास.

"नाना, हे काय चाललंय? त्या म्हातारीला आटपायला सांगा. पोरीचं उद्या लावा. साहेब उन्हात उभे आहेत."

"म्हातारी गातेय," नाना म्हणाले.

"तुम्ही साहेबांना घंटी मारता. हिला मारता येत नाही?"

मला वाटलं, आता नाना अडकले. पॉइंट बिनतोड होता. सगळ्या तालुक्याला ज्या नियमाने त्यांनी बसवलं, उठवलं, उपाशी ठेवलं, तोच नियम त्यांच्यासमोर कुणीतरी धरला होता. नाना दोरीपाशी गेले. चंद्री दारातून बघत होती, तिच्या मागे झरीच्या बायका. नानांनी दोरी हातात घेतली, दोनदा गुंडाळली आणि उंचावरच्या खिळ्याला अडकवून टाकली, कुणाचा हात पोचणार नाही अशी.

"एकदा मारली मघाशी," ते म्हणाले. "चूक झाली. आतली गाडी चालकाच्या ताब्यात आहे. ती पोचल्याशिवाय दुसरी लागणार नाही."

"उद्या तुम्ही इथे नसाल, नाना."

"उद्याचं उद्या. आज ड्युटीवर मी आहे." आणि माझ्याकडे वळून, "आवाजवाले, आतले भोंगे बंद. बाहेरचे चालू करा."

मी चालू केले. इतक्या आनंदाने मी कुठलंच बटण कधी दाबलेलं नाही.

"लक्ष द्या," टोपल्याच्या बाहेर सिमेंटच्या माळावर तो नाकातला आवाज पसरला. "साहेबांची जलद गाडी आज उशिरा धावत आहे. कार्यकर्त्यांनी सावली मिळेल तिथे बसावं. टाकीत पाणी आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल कंट्रोलर दिलगीर नाही."

बाहेर सावली एकच होती, लखमाच्या खोलीची. साहेब शेवटी तिथे जाऊन बसले. कुणीतरी बाईने त्यांच्यापुढे पत्रावळ ठेवली, भात वाढला, वर डाळ ओतली. साहेबांनी आधी नको म्हटलं, मग खाल्लं, मग आणखी भात मागितला, असं मला लखमाच्या भावाने सांगितलं. ढोलवाले कार्यकर्ते तारपा वाजायला लागल्यावर बायका-माणसांच्या नाचात शिरले. साहेब भाषण न करता पुढच्या गावी गेले. त्या दिवशी तलासरीचा विकास थोडा मागे पडला असेल.

जिवलीबायचं गाणं संपलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लखमा-सोनकीचं लग्न लागलं. म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि सरळ नानांकडे आली. "ती घंटी कशाची?"

"एक मारली की थांब," नाना शाळेतल्या मुलासारखे म्हणाले, "दोन मारल्या की चल."

"मंग एकच कशाला मारतोस? दोन मार ना."

नानांनी स्टूल आणलं, खिळ्यावरची दोरी सोडवली आणि तिच्या हातात दिली. "तुम्हीच द्या. गाडी तुमची आहे."

म्हातारीने दोनदा ओढली. चंद्रीला तिच्या मावशांनी रंगमंचावर आणलं, आणि झरीच्या मामांसकट सगळे उभे राहिले. नाना विंगेत माझ्या मिक्सरच्या पेटीवर बसले होते. मनगटावर बघायचं विसरले होते. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला तर म्हणाले, "मी समजत होतो वेळ म्हणजे आपलं टाइमटेबल. ती दुसऱ्याच टाइमटेबलवर चालत होती रे. आणि पोचली बघ बरोबर."

समितीचे दोन्ही गट तोवर एकमेकांशी बोलत नसत. नानांना काढायच्या बैठकीत मात्र ते एकत्र चहा प्यायले. नाना मला स्टँडवर भेटले तेव्हा नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "आवाजवाले, माझी बदली झाली."

"कुठे?"

"घरी."

मला फार राग आला. मी समितीला चार शिव्या हासडल्या, स्टँडवर, मोठ्याने, माईक नसतानाही. नाना म्हणाले, "हळू. इथे माणसं गाडीची वाट बघताहेत." घंटी न्या म्हटलं तर नेली नाही. घंटी गाडीबरोबर राहते म्हणाले. नवे व्यवस्थापक ती चहा मागवायला वापरत. फळा पुसला गेला. लग्नं वाटेल तेव्हा लागायला लागली, भाषणं वाटेल तितकी लांबली, आणि माझा धंदा खरं म्हणजे वाढला. तरी मला तिथे बसवेना. नाना अधूनमधून यायचे. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायचे, पुन्हा मनगटाकडे बघत. कुणी पुढे या म्हटलं की म्हणायचे, "मी बिनआरक्षित."

मग भूकंप सुरू झाले. धक्के छोटे, पण रोजचेच. पाडेच्या पाडे थंडीत अंगणात झोपायला लागले. टोपल्याच्या भिंतीला दोन बारीक भेगा गेल्या आणि त्याच्या छपराखाली कुणी बसेना. नाना वैतागले. "जमिनीखाली कोण कंट्रोलर बसवलाय बघायला पाहिजे," म्हणाले. "कधीही सोडतोय."

त्या थंडीनंतरच्या उन्हाळ्यात नाना गेले. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. "चहा ठेवला होता मी," काकू मला म्हणाल्या, "आणते म्हटलं होतं. तेवढं थांबले नाहीत." मला त्या दिवशी फार रडू आलं, आणि ते लपवायला मी वाडीत जाऊन उगाच वायरी गुंडाळत बसलो.

शोकसभा टोपल्याबाहेर त्या सिमेंटच्या माळावर झाली, ताडपत्रीखाली. छपराखाली यायला लोक तयार नव्हते आणि लोक आत मावले असते असंही नाही. लखमाने विंगेतली घंटी स्वतः काढून आणली आणि ताडपत्रीच्या बांबूला बांधली. साहेब आले होते. साहेब येणारच, ही संधी होती. नानांचे आणि आपले घरोब्याचे संबंध होते, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडचा डाळभात आपण याच जागी खाल्ला आहे, असंही सांगितलं. ते तसं खोटं नव्हतं. मग ते हळूहळू विकासावर आले. लोक पदराने वारा घ्यायला लागले. मी माईक बंद करायच्या बटणावर हात ठेवून बसलो होतो, पण दाबायला मला धीर होत नव्हता.

"नानांच्या स्वप्नातल्या या भागाच्या सर्वांगीण," साहेब म्हणाले.

टण्ण.

चंद्री बांबूपाशी उभी होती, कडेवर तिची मुलगी. दोरी तिच्या हातात. साहेब थांबले. आणि ताडपत्रीखालच्या निम्म्या लोकांनी सवयीने उठून पायाशी ठेवलेल्या पिशव्या उचलल्या. पहिलं हसू फुटलं ते पुढच्या रांगेतून, काकूंचं. मग सगळेच हसले, झरीचे मामासुद्धा. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपणहून खुर्चीत बसले.

काकू पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या. "चंद्री," त्या म्हणाल्या, "आता डबल दे गं. किती वेळ थांबवून ठेवायचं त्यांना."

चंद्रीने दोरी दोनदा ओढली. मी माईक बंद केला.